मोबाईलवरचं शिक्षण : अभ्यास ते करणार, पण प्रश्न कोणाचे?

पोरांच्या हातात अभ्यासासाठी मोबाईल द्यावा की नको, हा वाद घरोघरी चालू आहे. तो अभ्यास करून सोडवायचा, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलेलं आहे. ऑनलाइन शिक्षणाचा फायदा किती, तोटा किती, मुलांना मोबाईलचं व्यसन लागतं का, कोणत्या प्रकारचे धडे त्यांना आवडतात, हे आधी प्रायोगिक तत्त्वावर तपासायचं आणि निष्कर्ष जाहीर करायचे, असं त्यात आहे.

प्रश्न चांगले आहेत. पण हे काम करणाऱ्यांत नावं कोणाची? आयआयटी, एनआयटी, इग्नू अशा मोठ्या संस्थांची. पालक नाहीत, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी नाहीत. यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ आहे, त्यात धरायचं तर धरा.

धोरण ठरवताना गावाला विचारलंच नाही, असं मात्र नाही. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत जाऊन दोन लाखांवर सूचना घेतल्या, असं सरकार सांगतं. म्हणजे पंचायतीमागे जेमतेम एक. आणि एकदा सूचना देऊन मोकळं होणं वेगळं, कशाचा अभ्यास करायचा हे ठरवताना बैठकीत बसणं वेगळं.

याने काय फरक पडतो, ते ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत दिसतं. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी घरात स्मार्टफोन असलेली २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. पण घरात फोन आला म्हणजे पोराच्या हातात आला असं नाही. तो दिवसभर बापाच्या खिशात, शेतावर. संध्याकाळी घरी येतो तेव्हा चार्जिंग संपलेलं, नाहीतर नेट संपलेलं. त्यात भावंडं दोन. फोन आधी पोराला मिळतो की पोरीला, हे कोणी विचारलं तर कितीतरी घरांत माना खाली जातील. हा प्रश्न सुचायला त्या घरात राहावं लागतं.

‘असर’ २०२४ म्हणतो, १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. आकडा कळला, पण कारण काय? शिकवण्यासारखं त्यात सापडलं नाही, की अडलं तेव्हा समजावणारं कोणी नव्हतं? ते आईबापाला आणि मास्तरांनाच विचारावं लागेल.

गावातून काही निघत नाही, असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले.

लोकांना कुठे बसवायचं, असा प्रश्न असेल तर जागा तयार आहे. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती नेमलीय. तिच्यात पाऊण हिस्सा पालक, निम्म्या महिला. तालुक्यात कोणतीही पाहणी येण्याआधी या समित्यांकडून दोन-तीन प्रश्न मागवा, आणि पाहणी झाल्यावर निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा. एवढ्याने संशोधन अडत नाही. वरून कोणी विचारेपर्यंत थांबायचंही कारण नाही. समितीच्या येत्या बैठकीत आपले प्रश्न इतिवृत्तात लिहून घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतात.