गुरगुराट परतला, म्हणून काय झाले?

ओपेथ या स्वीडिश बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' हा अल्बम नोव्हेंबर २०२४मध्ये आला आणि जुन्या चाहत्यांनी दिवाळी साजरी केली. कारण एकच. २००८च्या 'वॉटरशेड'नंतर मिकाएल ओकरफेल्टने अल्बमांतून हद्दपार केलेला ग्राउल, म्हणजे डेथ मेटलमधला तो घशाच्या तळातून येणारा गुरगुराट, सोळा वर्षांनी परतला होता. 'आमचा ओपेथ परत आला' असा घोष सुरू झाला. अल्बम आम्हांलाही आवडला. पण ज्या कारणासाठी तो डोक्यावर घेतला गेला, ते कारण आम्हांला साफ नामंजूर आहे.

या मंडळींना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. २००३च्या 'डॅम्नेशन'चे काय? त्यात गुरगुराट औषधालाही नाही. गिटारी बहुतांशी स्वच्छ, मेलोट्रॉनचा धूसर पडदा, निर्मितीत स्टीव्हन विल्सनचा हात. तरीही 'हेरिटेज'ला २०११मध्ये गद्दारी म्हणणारे हेच लोक 'डॅम्नेशन' उशाशी घेऊन झोपतात. मग तक्रार आवाजाची कशी?

तक्रार बांधणीची आहे, आणि ती तशी मांडायला हवी होती. 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) मधले 'द ड्रेपरी फॉल्स' घ्या. जवळजवळ अकरा मिनिटांचे गाणे. ओकरफेल्ट बराच वेळ मोकळ्या, काहीशा थकलेल्या आवाजात गातो. त्या गाण्याखाली काहीतरी साचत जाते आणि पुष्कळ उशिरा गुरगुराट फुटतो. शेवटी सुरुवातीची सुरावट परतते तेव्हा ती तीच असूनही तशी उरलेली नसते. ग्राउल हा इथे भिंतीवरचा रंग नव्हे; तो तुळई आहे. त्याच्यावर गाण्याचा भार आहे. 'डॅम्नेशन'मध्ये ही तुळई नव्हती, पण त्या गाण्यांची घरेच लहान आणि बैठी होती, त्यांना तिची गरज पडली नाही.

'हेरिटेज'मध्ये मात्र घर जुन्या आकाराचेच ठेवले आणि तुळई तेवढी काढली. 'फॅमिन' ऐकताना हे फार जाणवते. पियानो येतो, बासरी येते, जड रिफ येते. प्रत्येक तुकडा देखणा, पण एकाला दुसऱ्याची गरज असल्याचे कुठेच जाणवत नाही. त्यावर बचाव काय, तर कलावंताचे स्वातंत्र्य. स्वातंत्र्य कोण नाकारतो आहे? ते वापरून काय बांधले, एवढेच आम्ही विचारतो. 'प्रोग्रेसिव्ह' या शब्दाचीही इथे गंमत होते. १९७४ साली जन्मलेला माणूस सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डींकडे परत जातो आणि आपण त्याला प्रगती म्हणायचे! अर्थात ते वेड आधीपासूनचे आहे; 'ब्लॅकवॉटर पार्क' हे नावच त्या काळच्या एका जर्मन बँडचे. पण तेव्हा ते खत होते. २०१४च्या 'पेल कम्युनिअन'मध्ये 'गॉब्लिन' नावाच्या इटालियन बँडला त्याच नावाच्या तुकड्यातून मुजरा केला जातो, तेव्हा खतालाच पीक समजल्यासारखे वाटते. 'सॉर्सरेस'बद्दल (२०१६) न बोललेले बरे.

आमचा खरा राग २०१९चा आहे. त्या वर्षी 'इन कौडा वेनेनम' आला, स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन रूपांत. स्वीडिश रूप ऐकावे. स्वभाषेत गाताना ओकरफेल्टच्या आवाजात असे काही उतरते की जुना ताण गुरगुराटाशिवाय उभा राहतो: वाद्यवृंदाचा फुगत जाणारा भार, मध्येच उलोफ पाल्मे यांच्या भाषणाचा आवाज, मग एकाएकी रिकामी जागा. तुळईच्या जागी कमान आली होती. आठ वर्षे धडपडून ज्याने ती बसवली, त्याला बहुतेक जुन्या चाहत्यांनी 'ग्राउल नाही ना? मग राहू दे' अशी पावती दिली.

आणि आता हा नवा अल्बम. गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरची. एका धनाढ्य कुटुंबप्रमुखाचे मृत्युपत्र वाचले जाते आणि सात गाण्यांना नावांऐवजी नुसते कलमांचे क्रमांक आहेत. गुरगुराट आहे तो मुख्यतः त्या मेलेल्या माणसाच्या हुकमाचा. म्हणजे त्याला पात्र आहे, काम आहे, म्हणूनच तो शोभतो. जेथ्रो टलचे इयन अँडरसन त्यात निवेदन करतात, बासरी वाजवतात. त्याचे कौतुक मात्र 'हो, तेही आहे' इतकेच.

आठवे आणि शेवटचे गाणे 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. हळुवार, सबंध मोकळ्या आवाजातले, आणि आमच्या मते अल्बममधले सर्वोत्तम. पुष्कळांनी ते परिशिष्टासारखे बाजूला ठेवले आहे. पण सारी मालमत्ता जिच्या नावे झाली, ती मुलगी त्या माणसाची नव्हतीच, हे आईच्या पत्रातून कळते ते याच गाण्यात. सात कलमे गुरगुरून सांगितलेला हुकूम तिथे निकालात निघतो.