समुद्रगाय आणि समुद्रगवत

वाचकहो, नावावर जाऊ नका. समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, हा सस्तन प्राणी आहे. पिलाला दूध पाजतो, श्वासासाठी पाण्यावर येतो. गाईपेक्षा हत्तीच त्याला जवळचा. समुद्रगवतही भात-ज्वारीच्या गवतकुळातले नाही. पण त्याला मुळे, फुले, बिया असतात, म्हणून ते शेवाळ नव्हे, सपुष्प वनस्पतीच. डुगाँग याच गवतावर जगतो. दिवसाला ३०-४० किलो फस्त करतो!

कायदा मात्र दोघांना वेगळे मोजतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डुगाँगचे नाव आहे. गवताला २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने संरक्षण दिले ते कुरणाची जागा म्हणून. आम्हांला ही दुसरी वाट अधिक मोलाची वाटते. ट्रॉलरच्या जाळ्याने कुरणच खरवडले तर डुगाँगने खावे काय? तामिळनाडूने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात ४४८ चौ. कि.मी. क्षेत्र राखले, ते बरे झाले.

जाळ्यात अडकलेला डुगाँग गुदमरतो. त्याला सोडवायचे तर जाळे कापावे लागते, आणि ते असते गरीब मच्छिमाराचे. अशा मच्छिमारांना वनखात्याने रोख बक्षिसे दिली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या योजनेतून त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्याही मिळाल्या, हे आम्हांला विशेष आवडले.