कोहळं, भोपळा की कद्दू?

पुण्यातला माझा पहिला हिवाळा. भाजीवाल्याकडे कोहळं मागितलं, तर त्याने पांढरट भुकटी लागलेलं भलतंच फळ हातात दिलं. घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल केला. ती हसायलाच लागली. "अवं, हे तं पेठ्याचं आहे! आपल्याले लाल पाह्यजे." आपल्या सौंसर-पांढुर्ण्याचं कोहळं म्हणजे पुण्याचा लाल भोपळा, हे तेव्हा कळलं.

या जानेवारीत सौंसरला गेले, तेव्हा गारठा चांगलाच होता. पूर्वी अशा संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की आई चुलीच्या निखाऱ्यांवर कोहळ्याच्या फाका भाजायची. आता चूल नाही आणि आईला फार वेळ उभंही राहवत नाही. पांढुर्ण्याहून आलेली भाची म्हणाली, "मावशी, आज कद्दू बनाओगी?" तिची शाळा हिंदीतून. आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, हे मात्र तसंच आहे.

मी भाचीला मदतीला घेतलं. तुम्हीही करून बघा. पाऊण किलो कोहळं धुवा, बिया काढा, सालासकट दोन बोटं रुंद फाका करा. दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण, जिरं, तिखट आणि मीठ चोळा. ओव्हन आधी २०० अंशांवर तापवा. मग ३५ ते ४० मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. सुरी सहज आत गेली की झालं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजा. बिया फेकू नका, धुऊन वाळवून भाजून खा.

सोबत ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि गरम वरण.

आई शाल पांघरून जेवायला बसली. पहिला घास घेऊन म्हणाली, "धूर नाही लागला. पण कोहळंच आहे."

थोड्या वेळाने भाचीने ताट पुढे केलं. "आजी, अजून कोहळं आहे?"

आईने आपल्या ताटातली फाक तिला दिली.

तुमच्या घरी याला काय म्हणतात? आजीला विचारा आणि आम्हाला कळवा.