फुकटची युरोपवारी?



अमेरिकी लष्करातल्या मराठी डॉक्टरांची परदेशी बदली म्हणजे ‘सरकारी खर्चाने युरोपवारी’, असे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांनी ठोकून दिले आहे. माझे यजमान जर्मनीत लांडश्टूलच्या लष्करी रुग्णालयात डॉक्टर आहेत, म्हणून हा खुलासा.

कुटुंब आपोआप सोबत जात नाही. आधी घरातल्या प्रत्येकाची वैद्यकीय छाननी होते. मुलाला लागणारा तज्ज्ञ तिथे नसेल, तर डॉक्टर एकटा जातो आणि बायको-मुले मागे राहू शकतात. (डॉक्टरच्याच घरी ही गत!) सामान बोटीने येते, तोवर उसन्या फर्निचरवर संसार. अमेरिकेतली १२० व्होल्टची यंत्रे इथे कपाटात पडून. पुण्याहून आणलेला मिक्सर मात्र पहिल्या दिवसापासून गुरगुरतोय.

शाळा तळावरच्या, अमेरिकी अभ्यासक्रमाच्या. त्याबद्दल तक्रार नाही. खरी झळ बसते ती जोडीदाराच्या नोकरीला. मी फिजिओथेरपिस्ट. तळाबाहेर काम करायचे तर जर्मन भाषा आणि इथली मान्यता हवी. तळावर जागा मोजक्याच आणि त्यावर डोळा ठेवून बसलेल्या माझ्यासारख्या कितीतरी.

हे रुग्णालय १९५३चे, अमेरिकी लष्कराचे देशाबाहेरचे सर्वांत मोठे. इराक-अफगाणिस्तानातले जखमी सैनिक शेजारच्या रामश्टाइन तळावर उतरवून बसने इथेच आणत. अशा ठिकाणी आजही रजा रुग्णालयाच्या सोयीने मिळते, आपल्या नव्हे. पत्रलेखकांनी पॅरिसची तिकिटे खुशाल पाठवावीत. फक्त तारीख मोकळी ठेवावी.

— एक वाचक, लांडश्टूल (जर्मनी)