तीनशे मीटरच्या आत

मुलाकडे किंवा मुलीकडे सुट्टीत लंडनला, पॅरिसला जाणारी कुटुंबं आता आपल्यात कमी नाहीत. श्रीवर्धन, मुरूड, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी परदेशात असतं. आई-वडील तिकडे गेले की मुलं त्यांना चार दिवस समुद्रावर नेतात. फ्रान्सचा दक्षिण किनारा, म्हणजे नीस, मार्सेल, तूलाँ, हे त्यांतलं आवडीचं ठिकाण. व्हिसा, विमा, हलाल जेवण यांची चौकशी सगळे करतात. पाण्यातल्या कायद्याची चौकशी कोणी करत नाही. कोकणातल्या माणसाला समुद्र काय शिकवायचा, असं म्हणणारेही भेटतील. समुद्र ठाऊक असतो हे खरं, पण तिथल्या पिवळ्या बोयांचा अर्थ ठाऊक असतोच असं नाही.

फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंतचं पाणी वेगळं धरलं जातं. या पट्ट्यात बोटीने ५ नॉटपेक्षा जास्त वेगाने जायचं नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. तेव्हा ५ नॉट म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर, रमतगमत सायकल चालवावी तेवढा वेग. हा आकडा उगाच ठरवलेला नाही. २० नॉटने येणारी बोट सेकंदाला १० मीटर पुढे सरकते आणि ३०० मीटर अर्ध्या मिनिटात कापते. ५ नॉटने तेवढंच अंतर जायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. पोहणाऱ्याचं पाण्यावर दिसतं ते फक्त डोकं, तेही लाटेआड जाणारं. त्यात वेगाने जाताना बोटीचं नाक वर उचललं जातं आणि चालवणाऱ्याला नेमकं समोरचंच पाणी दिसत नाही.

या पट्ट्याच्या आत पुन्हा वेगवेगळ्या जागा असतात. गोल पिवळ्या बोयांनी आखलेली जागा फक्त पोहणाऱ्यांची. तिथे बोट आणायची नाही, वॉटर स्कूटर नाही, वल्ह्याची कायाकसुद्धा नाही. दुसरी असते ती बोटींच्या ये-जा करण्याची गल्ली. समुद्राकडून किनाऱ्याकडे येताना तिच्या डाव्या हाताला डब्यासारखे बोये असतात, उजव्या हाताला शंकूसारखे. इथे पोहायला उतरायचं नाही. उरलेल्या पाण्यात पोहणारेही असतात आणि बोटीही, मात्र बोटी ५ नॉटच्या आत. रंग सगळीकडे पिवळाच असल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. म्हणून रंग नव्हे, आकार पाहायचा.

हे सगळं आम्ही इतकं खोलात सांगतो आहोत ते मुख्यतः आपल्या बहिणींसाठी. आपली कुटुंबं समुद्रावर गेली की गर्दीपासून लांबचा कोपरा शोधतात. हयेचा प्रश्न असतो, मुलींना मोकळेपणाने पाण्यात जाता यावं ही इच्छा असते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण भरगच्च किनाऱ्यावर मधेच एक वाळूची पट्टी रिकामी दिसली, तर ती रिकामी का आहे हे आधी पाहायला हवं. पुष्कळदा ती बोटींच्या गल्लीच्या तोंडाशी असते. ज्यांना नियम माहीत आहे ते तिथे बसत नाहीत, आणि आपण मात्र 'मिळाली बुवा एकांताची जागा' म्हणून चटई पसरतो. आडोशाला गेलेलं माणूस जीवरक्षकाच्या नजरेआडही जातं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा ही त्याच्या देखरेखीची जागा. ती सोडून लांब गेलं की पोहणं आपल्या जबाबदारीवर.

मग पूर्ण अंग झाकणारा पोशाख घालून त्या राखीव जागेत, सगळ्यांमध्ये, उतरता येतं का? इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. किनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंत पोहण्यावर आणि किनाऱ्यावरून निघणाऱ्या छोट्या, बिननोंदणीच्या होड्यांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार तिकडे गावच्या मेयरला आहे. १९८६ च्या किनारा कायद्याने तो दिला. २०१६ च्या उन्हाळ्यात काही मेयरांनी आपले अधिकार वापरून समुद्रावर बुर्किनीला बंदी घातली. (मराठी वर्तमानपत्रं असल्या हुकुमाला 'फतवा' म्हणतात. आम्ही म्हणणार नाही.) प्रकरण फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेलं. दाद मागणाऱ्यांत तिथली जुनी मानवी हक्क संघटनाही होती. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने विलनव-लूबे या गावाची बंदी स्थगित केली. मेयरने किनाऱ्यावर जायची सोय, पोहणाऱ्यांची सुरक्षितता, स्वच्छता, सभ्यता आणि सार्वजनिक सुव्यवस्था पाहावी, त्यापलीकडच्या कारणांवरून हक्कांवर गदा आणू नये, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणजे हा अधिकार माणसं सुखरूप पोहावीत यासाठी आहे, त्यांचे कपडे मोजण्यासाठी नाही. त्यानंतरही काही मेयरांनी असे हुकूम काढले आहेत, तेव्हा जाण्याआधी त्या त्या गावाची चौकशी करावी. पालिकेच्या पोहण्याच्या तलावांची गोष्टही निराळी. २०२२ मध्ये ग्रेनोबल शहराने दिलेली सवलत याच न्यायालयाने रोखून धरली. पण समुद्रावर, बंदी नसेल तिथे, आपल्या लेकी-सुनांनी बोटींच्या वाटेत जाऊन पोहण्याचं काही कारण नाही.

आता बोट भाड्याने घेणाऱ्यांविषयी, आणि हे आपल्या तरुणांनी वाचावं. फ्रान्समध्ये ६ अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाची बोट चालवायला परवाना लागत नाही. त्यामुळे ज्यांनी परवान्यासाठी नियम पाठ केले ते मोठ्या बोटीवर, आणि ज्यांनी काहीच वाचलं नाही ते छोट्या बोटीवर, नेमके पोहणाऱ्यांच्या जवळ. भाड्याने देणारा भराभर फ्रेंचमध्ये समजावतो, आपण मान डोलावतो. त्याला थांबवून नकाशावर बोट ठेवायला लावावं: गल्ली कुठली, पोहण्याची जागा कुठली. आम्हाला विचाराल तर याची लाज वाटण्यासारखं काही नाही. वाटेतला काटा बाजूला करणं हाही ईमानचा भाग आहे हे आपण मुलांना शिकवतो, मग पाण्यातल्या वाटेला तेच लागू होतं.

बोटीत चढायची शिडी बहुधा मागे असते आणि पंखाही मागेच. कोणी पाण्यातून वर येत असेल तर इंजिन नुसतं न्यूट्रलला टाकून भागत नाही, पूर्ण बंद करायचं. चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा मनगटाला अडकवायची एक दोरी असते. तो पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन थांबतं. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या पॅडस्टोजवळ सहा जणांचं एक कुटुंब वेगवान बोटीतून बाहेर फेकलं गेलं. दोरी अडकवलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्यावरच आली आणि दोघांचा जीव गेला. ब्रिटनमध्ये वॉटर स्कूटर बेदरकारपणे चालवल्यास २०२३ पासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसऱ्या देशांत आकडे बदलतात. स्पेनमध्ये जिथे बोये नाहीत तिथे पुळणीपासून २०० मीटर आणि बाकी किनाऱ्यापासून ५० मीटर पाणी पोहणाऱ्यांचं मानतात, आणि त्यात वेग ३ नॉटच्या आत. न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत ५ नॉट, आणि पाण्यात माणूस असेल तर त्याच्यापासून ५० मीटरच्या आत, कुठेही असो, तेवढाच वेग.

मुलांसाठी हवेची गादी किंवा फुगवायची होडी घेणार असाल तर आधी वारा पाहा. त्या दक्षिण किनाऱ्यावर मिस्त्राल नावाचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाशी पाणी अगदी शांत दिसतं आणि गादी बघता बघता लांब जाते. असल्या खेळण्यांना ३०० मीटरच्या पुढे जायची मुळात परवानगीच नाही. गादी गेली तर जाऊ द्या, तिच्यामागे पोहत जाऊ नका. मूल तिच्यावर असेल तर जीवरक्षकाला हाक मारा आणि फोनवर १९६ फिरवा. फ्रान्समध्ये समुद्रावरच्या मदतीचा तो नंबर आहे. तो आठवला नाही तर ११२ चालतो.