कप्पे आहेत, भिंत कुठे आहे?

‘आमचे सॉफ्टवेअर मॉड्यूलर आहे,’ असे टेलिफोन-इंटरनेटचे जाळे आपोआप चालवून देणारी प्रत्येक कंपनी आज सांगते. मी भाषेचा शिक्षक, इंजिनिअर नव्हे. पण एखादा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्याचा अर्थ विचारणे हे भाषेच्या शिक्षकाचेच काम आहे. तुकडे पाडले की मॉड्यूलर झाले का?

माझ्या मते एका भागातली चूक शेजारच्या भागात शिरत नसेल, तरच त्याला मॉड्यूल म्हणावे. नाहीतर तो नुसता कप्प्यांचा देखावा.

१५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जाळे सुमारे नऊ तास कोलमडले. त्या जाळ्यात कॉल पुढे पाठवणारे ११४ स्विच होते. एक पडला तर बाकीचे सांभाळून घेतील, असा कागदावर आराखडा. पण सगळ्यांवर नुकतेच बसवलेले सॉफ्टवेअर एकच, आणि त्यातली चूकही एकच. एक स्विच बंद पडून सावरला, ‘मी परत आलो’ असे निरोप त्याने शेजाऱ्यांना धाडले आणि ते निरोप हाताळताना शेजारीच कोसळले. तेही सावरले, त्यांनीही निरोप धाडले. भाग ११४ होते. भिंत एकही नव्हती.

यावर ‘ही जुनी गोष्ट आहे,’ असे कोणी म्हणेल. मग ८ जुलै २०२२ चा कॅनडा पाहा. रॉजर्स कंपनीचे १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक संपर्काबाहेर गेले. मोबाइल, घरचे इंटरनेट, कार्डाने पैसे देणे बंद. कित्येकांना ९११ हा आपत्कालीन क्रमांकही लागेना. मोबाइल आणि घरचे इंटरनेट या सेवा दिसायला वेगळ्या, पण दोन्हींचा गाभा एकच होता. राउटरमधली एक चाळणी काढली गेली आणि माहितीच्या लोंढ्याने तो गाभा बुडाला. आणखी वाईट म्हणजे दुरुस्तीची वाटही त्याच गाभ्यातून जात होती. घर पेटले आणि पाण्याची बादली आतच राहिली!

हा बदल सात टप्प्यांच्या कामातला सहावा टप्पा होता. आधीचे टप्पे नीट पार पडले म्हणून कंपनीच्या गणिती पद्धतीने त्याची जोखीम ‘कमी’ ठरवली आणि जादा तपासणी टळली. पाच वेळा रस्ता ओलांडला म्हणून सहाव्यांदा गाडी येणार नाही, असे आपण पोरांना शिकवतो का?

ऑटोमेशनला माझा विरोध नाही. हजारो राउटर हाताने सांभाळणे अशक्य आहे, आणि माणूसही चुकतोच. वेगळे गाभे, वेगळ्या वाटा यांना खर्च येतो, हेही खरे. पण तो खर्च वाचवला तर बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते. रुग्णवाहिका बोलावणाऱ्याच्या, दुकानात कार्ड घेऊन उभ्या असलेल्याच्या.

उर्दू लिहिणाऱ्याला हे पटकन कळावे. आपल्या लिपीत अक्षरे हातात हात घालून चालतात; पण अलिफ, दाल, रे, वाव पुढच्या अक्षराला हात देत नाहीत. म्हणून शब्द तुटत नाही. कुठे जोडायचे आणि कुठे सोडायचे, दोन्ही ठरलेले असते. जाळ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडण्याचे कौतुक फार होते, सोडण्याचा विचार कोणी करत नाही.

आणि हा प्रश्न परदेशातल्या इंजिनिअरांपुरता नाही. रेशन दुकानातला अंगठा, भाजीवाल्याचा क्यूआर कोड, मोहल्ल्यात पोहोचणारी मय्यतीची खबर, सगळे याच जाळ्यांवर आहे. तेव्हा ‘मॉड्यूलर’ म्हणणाऱ्या कंपनीला आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. एक भाग पडला तर नेमके काय चालू राहील? बदल आधी थोड्याच जागी लावून पाहता का? आणि जाळे बंद पडले तर दुरुस्त करणारा आत कुठल्या वाटेने जाणार? उत्तर लेखी हवे, आणि ते खरोखर एक भाग बंद करून दाखवायला हवे. तोवर त्या शब्दावर माझा विश्वास नाही.