रात्रीच्या ओहोळाचीही पाहणी करा

इंदूरच्या सराफ्यात दिवसा गेलेला मनुष्य सोन्याचांदीच्या पेढ्या पाहून परततो. रात्री पेढ्यांची दारे लागली, की त्यांच्याच पुढ्यात कढया चढतात, भुट्ट्याचा कीस शिजतो, जिलेबी तळली जाते आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी ओसरत नाही. केवळ दिवसाच्या पाहणीवरून ‘येथे खाण्याची सोय नाही’ असा अहवाल कोणी दिला, तर होळकरांच्या त्या नगरीतील मराठी बांधव त्याला हसतील. आमच्याकडे ओहोळांविषयी नेमके असेच अहवाल लिहिले जातात, आणि त्यांना मात्र कोणी हसत नाही.

ओहोळाचा खरा संसार काळोख पडल्यावर सुरू होतो. मृगाच्या सरींनंतर एखाद्या रात्री विजेरी घेऊन काठाकाठाने चालून पाहावे. खेकडे कपारींतून बाहेर आलेले असतात, बेडकांचा कल्लोळ चाललेला असतो, मासे चढणीला लागलेले असतात आणि त्यांच्या मागावर दिवड निघालेला असतो. अंगावर चौकटीची नक्षी आणि डोळ्यामागे दोन काळ्या रेघा असलेला हा पाणसाप दिवसाही दिसतो. तो बिनविषारी आहे; डिवचल्यास कडकडून चावतो, एवढाच त्याचा दोष. तरीही नागपंचमीला नागाची पूजा करणारे आमचे हात दुसऱ्या दिवशी दिवड दिसताच दांडा शोधतात.

दिवड निदान दिसतो तरी. त्याच पाण्यातील दुसऱ्या एका सापाला विज्ञानाने दीर्घकाळ ओळखलेच नव्हते. गोवा, आंबोली आणि लगतच्या सह्याद्रीत आढळणारा हा निशाचर पाणसाप, बेडम यांनी १८६३ साली वायनाडहून वर्णिलेल्या जातीतलाच मानला जात होता. डॉ. वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली तो स्वतंत्र असल्याचे सिद्ध केले आणि पाण्यातील वास्तव्यावरून त्याला ‘ऱ्हॅब्डॉप्स अ‍ॅक्वाटिकस’ हे नाव दिले. आमच्या दारच्या ओहोळातील रहिवाशाला स्वतःचे नाव मिळण्यास १५४ वर्षे लागली! या काळात त्याच्या किती वस्त्या आम्ही नकळत पुसून टाकल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

अलीकडे शहरांतील तरुण पावसाळी रात्री असे साप पाहण्यास येऊ लागले आहेत. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. पावसाळ्यात बेडूक मारण्यासाठी शेताबांधांवर फिरणाऱ्या बत्त्यांपेक्षा पाहण्यासाठी लावलेली विजेरी केव्हाही बरी. तो बेडूक-वध तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. परंतु पाहणे म्हणजे पकडणे नव्हे. छायाचित्रासाठी साप उचलणे, दगड उलथणे, हे पाहुण्याने यजमानाचे घर उसकटण्यासारखे आहे. शिवाय काठच्या फांदीवर चापडा आणि वाटेवरील दगडांत फुरसे असू शकते. तेव्हा गावचा जाणता सोबती, पायांत उंच बूट आणि हात आवरलेले, एवढी शिस्त हवीच.

तथापि पाहुण्यांपेक्षा मोठे भय कंत्राटाचे आहे. ‘सुशोभीकरण’, ‘संरक्षक भिंत’ अशा नावांनी ओहोळाचे दोन्ही काठ सिमेंटने बांधले जातात, तळ सपाट केला जातो. पूर अडविण्यास काही ठिकाणी भिंत लागते, हे आम्हांस मान्य आहे. पण कपार, मुळे आणि चिखल गेला, की खेकडा जातो, बेडूक जातो आणि त्यांच्यामागून सापही जातो. उरतो तो नाला. सराफ्यापासून जवळच, होळकरांच्या छत्र्यांच्या पायथ्याशी वाहणाऱ्या कान्ह नदीने कित्येक दशके शहराचे सांडपाणी वाहिले. ती सावरण्यासाठी पुढे त्या शहराला केवढे कष्ट पडले! नदी बिघडविणे स्वस्त असते, सुधारणे महाग.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यान्वये स्थानिक समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या असावयास हव्यात. ओहोळाच्या कोणत्याही कामास मंजुरी देण्यापूर्वी समितीने पावसाळ्यातील एका रात्री जाणकारांसह तो ओहोळ चालून पाहावा आणि जे दिसेल ते नोंदवहीत लिहावे. नोंद निष्फळ ठरत नाही. आंबोलीस हिरण्यकेशीच्या देवस्थानाजवळील पाण्यात सापडलेल्या माशाचे वर्णन २०२० साली झाले आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले.

अभियंत्याने दिवसा माप घ्यावे, त्यास आमची हरकत नाही. मात्र आराखड्यावर सही करण्यापूर्वी त्याने एक रात्र त्या काठावर उभे राहावे. ज्यांची घरे पाडावयाची आहेत, ते रहिवासी त्याच वेळी घरी भेटतात.